मातीची साक्ष



मातीत मिसळलेले विष मातीपासून वेगळे कसे काढावे, हा प्रश्न आज कारखान्यांच्या आणि कीटकनाशकांच्या संदर्भात आपल्यापुढे येतो. त्यामुळे ही विद्या अगदी अलीकडची असावी असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तिची मुळे बरीच जुनी आहेत आणि ती थेट फौजदारी न्यायालयापर्यंत जाऊन पोचतात. मातीची साक्ष कशी काढावी, ती कितपत खरी मानावी, आणि ती फिरवता येते काय, हे प्रश्न रसायनशास्त्रज्ञांना पहिल्यांदा न्यायाधीशांसमोर सोडवावे लागले. त्या प्रश्नांचा इतिहास आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. हा इतिहास केवळ काचेच्या नळ्यांचा आणि आम्लांचा नाही. कोणती जमीन राहण्यास योग्य आणि कोणती अयोग्य, याचा निवाडा ज्या आकड्यांवर होतो ते आकडे कसे जन्मास येतात, याचा हा इतिहास आहे.

सुरुवात सोमलापासून केली पाहिजे. पांढरा सोमल पिठासारखा दिसतो, त्याला वास नाही, सांगण्यासारखी चवही नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात विषप्रयोग म्हणजे बहुधा सोमल, असे समीकरणच होऊन बसले होते. १८३३ साली इंग्लंडात जॉन बोडल नावाच्या तरुणावर आजोबांना कॉफीतून विष दिल्याचा खटला चालला. वुलिच येथील शस्त्रागारात काम करणारे रसायनज्ञ जेम्स मार्श यांनी त्या कॉफीची परीक्षा करून सोमल असल्याचे ओळखले होते. परंतु पुरावा म्हणून तयार केलेला पिवळा साका खटला उभा राहीपर्यंत बिघडला. पंचांचे समाधान झाले नाही आणि आरोपी सुटला. मार्श यांना ही गोष्ट लागून राहिली. तीन वर्षांनी, १८३६ मध्ये, त्यांनी आपली प्रसिद्ध चाचणी जाहीर केली. संशयित द्रव्य जस्त आणि गंधकाम्लाबरोबर काचपात्रात घालावयाचे. सोमल असल्यास त्याचा वायू तयार होतो. तो वायू तापलेल्या नळीतून जाऊ दिला की थंड काचेवर काळसर, चकाकणारा थर बसतो. एका मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग इतका सोमलही या आरशात उतरे.

इतकी तीक्ष्ण दृष्टी मिळाल्यावर एक नवीच अडचण उभी राहिली. जे पूर्वी दिसत नव्हते ते आता सर्वत्र दिसू लागले. चाचणीसाठी वापरलेल्या जस्तात सोमल असे, गंधकाम्लातही असे. मग आरशावर उमटलेला डाग मृताच्या जठरातला की प्रयोगशाळेतल्या बाटलीतला? आणि प्रेत काही महिने पुरलेले असेल तर तिसरीही शक्यता होती. भोवतालच्या मातीतलाच सोमल पावसाच्या पाण्याबरोबर शवपेटीत उतरला असेल तर?

हा तिसरा प्रश्न ज्यांनी गंभीरपणे हाती घेतला ते पॅरिसच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख मात्यु ओर्फिला. विषशास्त्राला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी स्मशानभूमींतील मातीचे नमुने आणून तपासले. काही ठिकाणच्या मातीत सोमल खरोखरच निघाला. परंतु तो कशाने निघाला, हे पाहण्यासारखे आहे. माती पाण्यात घालून उकळली तर पाण्यात सोमल उतरेना. गंधकाम्लासारखे तीव्र आम्ल वापरले तेव्हाच तो बाहेर आला. ओर्फिला यांनी यावरून निष्कर्ष काढला की मातीतला सोमल मातीच्या घटकांशी घट्ट बांधलेला असतो, साध्या पाण्याने तो सुटत नाही, आणि म्हणून पावसाबरोबर तो प्रेतात शिरण्याचा संभव फार थोडा.

श्रोतेहो, ही गोष्ट वरवर लहान दिसते, पण आजच्या आमच्या सर्व विवेचनाचे बीज तिच्यात आहे. एकाच मुठीतल्या मातीला ओर्फिला यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला: तुझ्यात विष आहे किती? दुसरा: त्यातले तू सोडतेस किती? पहिल्याचे उत्तर आम्लाने दिले, दुसऱ्याचे पाण्याने. दोन्ही उत्तरे निराळी आली आणि दोन्ही खरी होती.

१८४० च्या सप्टेंबरात फ्रान्समधील त्युल या गावी या विद्येची मोठी कसोटी लागली. मारी लाफार्ज या तरुण स्त्रीवर आपल्या पतीला सोमल घालून मारल्याचा आरोप होता. मार्श यांची चाचणी हाताळण्याची सवय नसलेल्या स्थानिक रसायनज्ञांनी प्रेताचे अवयव तपासले, पुरलेले प्रेत उकरून पुन्हा तपासले, आणि विष नाही असे सांगितले. अखेर पॅरिसहून ओर्फिला यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी तेच अवशेष तपासले आणि सोमल दाखवून दिला. शिवाय हा सोमल आपण वापरलेल्या द्रव्यांतला नाही आणि शवपेटीभोवतालच्या मातीतलाही नाही, असे त्यांनी न्यायालयास सांगितले. मारी लाफार्जला जन्मठेप झाली. या निकालाबद्दल फ्रान्समध्ये दीर्घकाळ वाद झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की माणसाच्या आयुष्याचा निवाडा ‘अर्क कसा काढला’ या एका गोष्टीवर येऊन ठेपला होता. तपासणीच्या द्रव्यांचीच आधी परीक्षा करावयाची, म्हणजे ज्याला आज कोरी चाचणी म्हणतात ती, आणि भोवतालची अलग माती तुलनेसाठी घ्यावयाची, हे दोन दंडक तेव्हापासून या शास्त्राच्या अंगी मुरले.

यानंतर मातीचा अभ्यास न्यायालयातून शेतात आला. इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातले जमीनदार एच. एस. थॉम्प्सन आणि रसायनज्ञ जे. टी. वे यांनी १८५० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अमोनियायुक्त पाणी मातीच्या थरातून गाळले असता खाली येणाऱ्या पाण्यात अमोनिया राहत नाही, माती तो धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात आपल्याजवळचा चुना सोडते, असे त्यांना आढळले. माती म्हणजे नुसती चाळणी नव्हे, ती देवघेव करणारी आहे, ही कल्पना येथून रूढ झाली. चिकणमातीच्या कणांवर विद्युत्‌भार असतो, कुजलेल्या पालापाचोळ्याच्या काळ्या अंशात तेलकट द्रव्ये जाऊन बसतात, लोहाच्या गंजावर सोमल चिकटतो. ज्याला विष बाहेर काढावयाचे आहे त्याला या प्रत्येक बंधनाची गाठ वेगळ्या रीतीने सोडवावी लागते.

शेतीशास्त्रज्ञांनी ओर्फिला यांचा दुसरा प्रश्नही आपल्या परीने विचारला. जमिनीत फॉस्फेट भरपूर असूनही पीक उपाशी राहते, हे त्यांच्या लक्षात आले होते. तीव्र आम्लाने काढलेला आकडा शेतकऱ्याच्या उपयोगी पडेना. तेव्हा बर्नार्ड डायर यांनी १८९४ साली एक सोपी युक्ती सुचवली. वनस्पतीच्या मुळांतील रस जेवढा आंबट असतो साधारण तेवढेच आंबट, म्हणजे शेकडा एक प्रमाणाचे सायट्रिक आम्ल घ्यावे आणि त्यात जे उतरेल तेच पिकाच्या वाट्याचे समजावे. आम्ल निवडताना त्यांनी ताकद पाहिली नाही, मुळाशी असलेले साम्य पाहिले. परीक्षानळीत मुळाचे सोंग आणण्याची ही कल्पना होती, आणि पुढे विषाच्या बाबतीतही तिचाच उपयोग व्हावयाचा होता.

आतापर्यंतची द्रव्ये खनिज होती. तेलकट, सेंद्रिय द्रव्यांची गोष्ट वेगळी. हळदीचा डाग नुसत्या पाण्याने निघत नाही आणि वंगणाचा डाग काढावयास आपण रॉकेलचा बोळा घेतो, हे घरोघरी ठाऊक आहे. जातीने जात ओढली जाते. मातीतले तेलकट विष काढावयाचे तर तिला तेलकट विद्रावकानेच धुतले पाहिजे. परंतु एकदा धुऊन भागत नाही. पहिल्या धुण्यात निम्मे निघते, दुसऱ्यात उरलेल्यातले थोडे, तिसऱ्यात आणखी थोडे. प्रत्येक वेळी ताजा विद्रावक घ्यावा तर पिंपे संपतील आणि तोच वापरावा तर तो आधीच माखलेला असतो.

या पेचातून वाट काढणारे उपकरण दुधासाठी निर्माण झाले. जर्मनीतील कृषिरसायनज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याच्या आपल्या लेखात १८७९ साली त्याचे वर्णन केले. खाली चंबूत विद्रावक उकळतो, त्याची वाफ बाजूच्या नळीने वर जाते, वर थंड पाण्याच्या वेष्टणात तिचे थेंब होतात, आणि ते थेंब कागदी टोपणात ठेवलेल्या पदार्थावर टपकू लागतात. येथवर हे आपल्याकडील अत्तर गाळण्याच्या भट्टीसारखेच झाले. खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे पूर्वी पितळेचा वासुदेव-प्याला मिळत असे. मध्ये कृष्णाला डोईवर घेतलेला वसुदेव, आणि प्याल्यात पाणी भरत आणले की ते कृष्णाच्या पायाला लागताच सगळे पाणी खालून निघून जाई. आत दडवलेल्या वक्रनलिकेची ती करामत. सॉक्सलेट यांच्या उपकरणातही तशीच वक्रनलिका आहे. टोपणाभोवतीचा विद्रावक ठरावीक उंचीला पोचला की सर्वच्या सर्व, विरघळलेल्या द्रव्यासह, खाली चंबूत उतरतो. तेथे विष राहते, विद्रावक तेवढा पुन्हा वाफ होऊन शुद्ध स्वरूपात वर चढतो. थोडक्याच द्रवाने पदार्थाचे शंभर वेळा स्नान होते आणि प्रत्येक स्नानाचे पाणी नवे असते. दुधासाठी केलेले हे भांडे पुढे मातीच्या कामी आले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते आजही चालू आहे.

मातीच्या कामी ते यावयाचे कारण म्हणजे विसाव्या शतकातील कीटकनाशके. डीडीटी या द्रव्याचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडच्या पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाच्या निर्मूलनात या द्रव्याने मोठी कामगिरी बजावली, आपल्या देशानेही १९५३ पासून ते राष्ट्रीय मोहिमेत वापरले, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. परंतु ते लवकर नाश पावत नाही, पाण्यात विरघळत नाही, आणि मातीच्या काळ्या अंशात वर्षानुवर्षे बसून राहते. ते किती राहिले हे पाहावयाचे तर अर्क काढणे पुरेसे नव्हते. अर्कात मातीतले मेण, रंग, चरबी असे शेकडो पदार्थ उतरतात, त्यांतून विष निवडावे कसे? रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या स्तंभातून गाळून वेगळी केली होती. त्या वर्णलेखनाच्या तत्त्वावर १९५२ साली लंडनच्या मिल हिल येथील संशोधनसंस्थेत जेम्स आणि मार्टिन यांनी वायूवर चालणारी रीत सिद्ध केली. त्याच संस्थेत जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये एक शोधक बनवला. क्लोरीनयुक्त द्रव्ये इलेक्ट्रॉन हपापल्यासारखी ओढून घेतात, या गुणावर तो चालतो. अब्जावधी कणांत एखादा कण असला तरी आता तो दिसू लागला. १९६२ साली रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ निघाले आणि कीटकनाशकांच्या अवशेषांचा प्रश्न सामान्य वाचकापर्यंत पोचला.

तथापि या विद्येला कायद्याची शिस्त लागली ती अमेरिकेतील एका वसाहतीमुळे. नायगारा धबधब्याजवळ लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खणलेल्या कालव्यात १९४२ ते १९५३ या काळात हुकर कंपनीने सुमारे २१ हजार टन रासायनिक टाकाऊ द्रव्ये पुरली आणि ती जागा १९५३ साली शाळामंडळाला एक डॉलरला विकली. तेथे शाळा झाली, भोवती घरे झाली. पुढे तळघरांतून काळे पाणी झिरपू लागले. १९७८ च्या ऑगस्टात आणीबाणी पुकारून कुटुंबे हलवावी लागली. त्यानंतर १९८० च्या अखेरीस अशा जागांच्या सफाईचा खर्च जबाबदार पक्षांकडून वसूल करण्याचा कायदा झाला. आता एकेका नमुन्याच्या आकड्यावर लाखो डॉलर अवलंबून राहू लागले. दोन प्रयोगशाळांनी दोन आकडे दिले तर वकिलांची चंगळ! म्हणून तेथील पर्यावरण खात्याने नमुना कसा घ्यावा, किती वजनाचा घ्यावा, किती तास धुवावा, याच्या बारीकसारीक सूचनांचा ग्रंथ तयार केला. लाफार्ज खटल्यातील वाद जणू नियमबद्ध करून ठेवला गेला.

त्या ग्रंथातील सॉक्सलेट रीतीचाच मासला घ्या. माती दहा ग्रॅम, तितकेच निर्जल सोडियम सल्फेट, म्हणजे ओल शोषली जावी. विद्रावक सामान्यतः अ‍ॅसिटोन आणि हेक्झेन समभाग. अ‍ॅसिटोन ओलसर मातीच्या ढेकळात शिरतो, हेक्झेन तेलकट विषाला आपल्याकडे ओढतो. तासाला चार ते सहा वेळा वक्रनलिका रिती व्हावी अशा बेताने सोळा ते चोवीस तास. बरोबर एक कोरे टोपण चालवावयाचे, त्यात काही निघाले तर दोष भांड्यांचा. शिवाय आणखी एका नमुन्यात मोजून थोडे विष मुद्दाम घालावयाचे आणि त्यातले किती परत मिळते ते पाहावयाचे. शंभरातले चाळीसच परत आले तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. या सगळ्याच्या आधी नमुन्याचा प्रश्न असतोच. आपला शेतकरी माती परीक्षणासाठी शेतात अनेक ठिकाणची माती गोळा करतो, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतो आणि अखेर अर्धा किलो पाठवतो. दूषित जागेवर तेच तत्त्व लागू आहे, पण एक अपवाद करून. बेंझिनसारखे उडून जाणारे विष असेल तर माती कालवणे, वाळवणे, चाळणे म्हणजे साक्षीदाराला दारातूनच परत पाठवणे. तेथे नमुना ताबडतोब बाटलीत बंद करावा लागतो.

चोवीस तास थांबणे माणसाला मानवत नाही. म्हणून घाईच्या रीती निघाल्या. श्राव्यातीत ध्वनीच्या कंपनांनी मातीचे कण सुटे करून मिनिटांत धुणे ही एक. हंगेरीतील संशोधकांनी १९८६ साली सूक्ष्मतरंगांची शक्ती वापरून मातीतून द्रव्ये काढून दाखवली, ही दुसरी. १९९० नंतरच्या दशकात तिसरी आली: पोलादी नळकांड्यात माती कोंडून शंभर अंश उष्णतेचा विद्रावक मोठ्या दाबाखाली, उकळू न देता, तिच्यातून नेणे. दिवसाचे काम पाऊण तासाच्या आत होऊ लागले आणि विद्रावकही थोडा लागू लागला. ही दुसरी गोष्ट क्षुल्लक नव्हे. मातीतले चिमूटभर विष शोधण्यासाठी तितकीच हानिकारक द्रव्ये बाटल्याच्या बाटल्या ओतून फेकणाऱ्या प्रयोगशाळा स्वतःच दूषित जागा होऊ पाहत होत्या.

धातूंचा मार्ग निराळा. त्यांना धुण्यासाठी मीठाचे व शोऱ्याचे आम्ल तीनास एक प्रमाणात मिसळून केलेले, सोन्यालाही विरघळवणारे अम्लराज वापरतात. परंतु येथे जोरच घातक ठरू शकतो. क्रोमियमची एक अवस्था अत्यंत विषारी आहे आणि दुसरी पुष्कळच सौम्य. मातीवर आम्ल ओतले की मातीतल्याच सेंद्रिय अंशामुळे पहिलीचे रूपांतर दुसरीत होते. विष होते, पण विचारण्याच्या रीतीनेच ते नाहीसे झाले! म्हणून त्यासाठी आम्ल न वापरता अल्कलीच्या ऊन द्रावणाने अर्क काढतात. तामिळनाडूतील राणीपेटला क्रोमेट कारखान्याच्या टाकाऊ ढिगांनी जमीन आणि पाणी बिघडले. अशा ठिकाणी चुकीच्या रीतीने काढलेला आकडा धीर देणारा असतो, आणि तोच त्याचा दोष.

‘आहे किती’ या पहिल्या प्रश्नाची हत्यारे अशी धारदार होत असताना ‘सोडते किती’ हा दुसरा प्रश्न पुन्हा पुढे आला. १९७९ मध्ये कॅनडातील तेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच नमुन्यावर पाच द्रावणे क्रमाने चालवण्याची रीत दिली. पहिले सौम्य मीठ, शेवटचे प्रखर आम्ल. पहिल्यात उतरलेला धातू उद्याच्या पावसात वाहून जाईल, शेवटच्यात उतरलेला दगडाच्या पोटात आहे आणि बहुधा तेथेच राहील. अमेरिकेत १९९० साली झिरपचाचणी कायद्यात आली. टाकाऊ द्रव्याच्या वीसपट वजनाचे अ‍ॅसेटिक आम्लाचे सौम्य द्रावण घ्यावयाचे आणि बाटली मिनिटाला तीस फेरे याप्रमाणे अठरा तास फिरवावयाची. गावच्या कचराडेपोत कचरा कुजून जो आंबट रस सुटतो त्याचे हे सोंग. डायर यांनी मुळाचे आणले, यांनी उकिरड्याचे आणले. परंतु सोंग ज्या प्रसंगाचे त्याच प्रसंगात शोभते. प्रत्यक्ष डेपोतील परिस्थिती पुष्कळदा प्राणवायुविरहित असते आणि तेथे लोहाच्या गंजाला चिकटलेला सोमल या चाचणीत दिसतो त्याहून अधिक सुटू शकतो. आपल्या देशाच्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी बसलेले दिसतील. एका वर्गात झिरपणाऱ्या अंशाची मर्यादा आहे, दुसऱ्यात एकूण अंशाची.

दुसऱ्या प्रश्नाची सर्वांत सूक्ष्म चर्चा केली ती कॉर्नेल विद्यापीठाचे मार्टिन अलेक्झांडर यांनी १९९० नंतरच्या दशकात. मातीत पडलेले विष जसजसे मुरत जाते तसतसे ते कणांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत शिरते आणि जंतूंना, गांडुळांना मिळेनासे होते. सॉक्सलेट यांच्या उपकरणातून मात्र ते अजूनही निघते. मग धोका कोणत्या आकड्याने मोजावा? मातीत खेळणारे मूल बोट तोंडात घालते. त्याच्या बाबतीत अर्थ असलेला प्रश्न असा की जठरात किती सुटेल. म्हणून शिशासाठी जठररसाइतक्या आंबट द्रावणात, शरीराच्या उष्णतेवर, एक तास माती फिरवण्याची चाचणी आली. मात्र या विचाराला दुसरी बाजू आहे. ज्याला सफाईचा खर्च द्यावयाचा आहे तो नेहमीच म्हणेल की विष बांधलेले आहे, सुटत नाही, चिंता नसावी. आज बांधलेले विष जमीन खणल्यावर, पाण्याची पातळी बदलल्यावर किंवा वरून दुसरे आम्ल सांडल्यावर बांधलेलेच राहील, असे वचन कोणतीही परीक्षानळी देत नाही.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. भोपाळ म्हटले की १९८४ च्या डिसेंबरातील ती भयंकर रात्र आठवते. परंतु तेथील मातीची गोष्ट त्या रात्रीहून जुनी आहे. कीटकनाशकांचा तो कारखाना चालू असताना त्याचा टाकाऊ अंश आवारातच निरनिराळ्या जागी टाकला जात होता. वायू वाऱ्याबरोबर गेला, माती जागच्या जागी राहिली. पुढील तीन दशकांत तेथील नमुने अनेकांनी तपासले: आमच्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, स्वयंसेवी संघटनांनी, इतर शासकीय संस्थांनी. पारा, क्लोरीनयुक्त बेंझिने, लिंडेनच्या कुळातील द्रव्ये यांची नावे अहवालांतून आली. परंतु प्रदूषण किती खोल आणि किती दूर, याबद्दल अहवालांचे एकमत होईना. कोणी कोठे खणले, कोणते द्रव्य शोधावयाचे ठरवले, अर्क कशाने काढला, यावर उत्तर फिरत राहिले. २०१० साली नीरी आणि हैदराबादची भूभौतिक संशोधन संस्था यांनी दुरुस्त करावयाच्या मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन दिला. २०२५ च्या जानेवारीत त्या आवारातून ३३७ टन द्रव्य पिथमपूरला हलवले गेले आणि पुढे काही महिन्यांत जाळण्यात आले. त्यात वेचून भरलेली थोडी मातीही होती. या दोन आकड्यांतील अंतर श्रोत्यांनी स्वतःच पाहावे.

त्याच २०२५ साली केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम जारी केले. नियम आले म्हणजे नमुने आले, नमुने आले म्हणजे आकडे आले, आणि आकडे आले म्हणजे वाद आले. त्या वादात सामान्य नागरिकाने काय करावे? त्याने रसायनशास्त्र शिकावे असा आमचा आग्रह नाही. परंतु चार प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याने सोडू नये. माती कोठली आणि किती खोलीची? अर्क कशाने काढला? मुद्दाम घातलेले विष परत किती मिळाले? आणि हा आकडा ‘आहे किती’चा की ‘सुटते किती’चा? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात नाहीत तो अहवाल अर्धाच आहे, मग त्याच्या शेवटी कितीही मोठ्या अधिकाऱ्याची सही असो.

शास्त्रज्ञांनाही आमचे सांगणे इतकेच. दोन्ही आकडे द्यावेत. एकूण अंश लपवून केवळ झिरपणारा सांगणे म्हणजे भविष्यावर डोळे मिटणे होय, आणि झिरपणारा न सांगता केवळ एकूण सांगणे म्हणजे नाहक घबराट पसरवणे होय. स्मशानातल्या मातीला ओर्फिला यांनी आम्लानेही विचारले आणि पाण्यानेही विचारले, आणि दोन्ही उत्तरे लिहून ठेवली. पावणेदोनशेहून अधिक वर्षांत आपली उपकरणे त्यांच्यापेक्षा लाखपटीने सूक्ष्म झाली आहेत. तो प्रामाणिकपणा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागतो, कारण माती विचारल्याखेरीज बोलत नाही आणि विचारले तेवढ्याचेच उत्तर देते.